दुपारचा निराकार

भुताखेतांची भीती सुगंधाला वाटत नसे. वाटणार कशी? महिन्या-दोन महिन्यांत एखादं तरी पिशाच्च, एखादा जळता ग्रह आणि हिरव्या रक्ताची अख्खी पलटण ती आपल्या हातांनी तयार करी आणि संध्याकाळची कणीक मळायच्या आत त्यांचा निकालही लावून टाकी.

"भूत खरंच समोर आलं ना, तर मी त्याला पाट देईन आणि माझ्या पुढच्या पुस्तकात बसवून टाकीन!" असं ती नवऱ्याला छातीठोकपणे सांगायची. फक्त नवऱ्यालाच. कारण सुगंधा पुस्तकं लिहिते ही गोष्ट अख्ख्या मीरा रोडमध्ये एकट्या सुभाषला ठाऊक होती.

त्याचं असं होतं. त्या वेळी रविवारी सकाळी टीव्हीवर 'ध्रुवापार' नावाची मालिका लागायची. एक अंतराळयान, त्याचा कप्तान आणि त्याच्या मागे लागलेले निरनिराळ्या ग्रहांवरचे दुष्ट लोक. मालिका इतकी वर्षं चालली होती की सुरुवातीला कुरळ्या केसांचा असलेला कप्तान आता हेल्मेट काढायलाच तयार नसे. यानातली बटणं मिक्सरची आहेत हे सुगंधाने पहिल्याच रविवारी ओळखलं होतं. पण लोक वेडे झाले होते! म्हणून दादरच्या दशरथराव प्रकाशकांनी त्या मालिकेवर मराठीत कादंबऱ्या काढायचा हक्क मिळवला. मालिकावाले पुढच्या कथेच्या चार ओळी पाठवायचे. 'यान बंद पडते. संकट येते. सगळे घाबरतात. कप्तान जिंकतो.' बस! एवढ्याशा पिठात घरभर माणसांचा स्वयंपाक करायचा, तसं त्या चार ओळींतून अख्खं पुस्तक सुगंधाने करायचं. आणि तेही कथा टीव्हीवर संपायच्या आत, कारण एकदा कप्तान जिंकला की स्टेशनवरच्या स्टॉलवर दोरीला लटकलेल्या त्या पुस्तकाकडे कुत्रंसुद्धा बघत नसे.

पुस्तकावर नाव असायचं 'प्रा. अं. ना. गगनगडकर'. असा कुणी प्राध्यापक पृथ्वीवर नव्हता. दशरथरावांनी आपल्या टेबलावरच्या गणपतीवर हात ठेवून सुगंधाकडून शपथ घेतली होती. "बाई, नवऱ्याशिवाय जगात कुणाला कळता कामा नये! विज्ञानाचं पुस्तक एका बाईने मोरीत बसून लिहिलंय म्हटल्यावर कोण घेईल?"

मोरीत बसून, हे मात्र अगदी खरं होतं. कारण सुगंधाच्या घरी सासूबाई होत्या, सरूबाई. मूळच्या रायगडच्या, मनाने सोन्यासारख्या. पण त्यांच्या कानावर एखादी गोष्ट घालणं म्हणजे ती रिक्षावर भोंगा लावून घोडबंदरपर्यंत फिरवण्यासारखं होतं. तेव्हा दुपारी जेवणं झाली, सरूबाई हॉलमध्ये आडव्या झाल्या, की सुगंधा धुण्याची बादली घेऊन मोरीत शिरायची आणि आतून कडी लावायची. उलट्या घमेल्यावर बसायचं, मांडीवर पोळपाट, पोळपाटावर पाठकोरे कागद. आणि बाहेर संशय नको म्हणून दर वाक्याला एकदा ओला टॉवेल उचलून फरशीवर आपटायचा. धप्प!

"सुनेच्या हाताला काय जोर आहे!" सरूबाई शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायच्या. "दोन-दोन तास कपडे आपटते माझी बाय!"

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मालिकेत निराकार आला.

निराकार म्हणजे नवा खलनायक. त्याला शरीरच नव्हतं. (मालिकावाल्यांकडचे कपडे संपले असावेत.) नुसता आवाज! यानाच्या पोकळीतून घुमत घुमत येई आणि कप्तानाच्या माणसांना वेड लावी. दशरथरावांनी बजावून ठेवलं, "बाई, टीव्हीवर तो आवाज ऐकून माणसं सोफ्यावर पाय वर घेतात! पुस्तकात तसं झालं पाहिजे. कागदावर आवाज आणा!"

आता कागदावर आवाज आणायचा कसा? सुगंधाने विचार केला, आधी तो आपल्या कानांत आला पाहिजे. तिने तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घेतला, मोरीच्या खिडकीपाशी आडवा ठेवला, आत डोकं घातलं आणि पोटातून जड, खर्जातला सूर काढला. "मीऽऽ निऽऽराऽऽकाऽऽर... मी तुमच्यात आहेऽऽ..."

अंगावर सर्रकन काटा आला! तिच्याच. ती खूश झाली, डोकं बाहेर काढून वाक्य लिहून घेतलं आणि टॉवेल आपटला. धप्प!

ती तळमजल्यावर राहत होती ती सी विंग पूनम सागर वसाहतीच्याही मागे, अगदी शेवटी. तिच्यापुढे वस्ती नाही. मिठागरं आणि त्यांच्यापलीकडे खाडी. इमारत नवीकोरी, पण राहायला आलेली बिऱ्हाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्या घरांना कुलपं. सकाळी ऑफिसवाले गेले की इमारत रिकामी होई आणि दुपारी तर ती कुणी माणसांसाठी बांधली आहे असं वाटतच नसे. खाडीवरून खारट वारा येई, बंद घरांची दारं आतल्या आत खुटखुटत, कुठल्यातरी वरच्या मजल्यावर नळातून हवेचा नुसता सुस्कारा निघे. खिडकीतून पाहिलं तर उन्हात मिठाचे पांढरेफेक ढीग, एक पाखरू नाही, एक माणूस नाही. परग्रहाचं वर्णन करायला सुगंधाला कधी पुस्तकं चाळावी लागली नाहीत. नुसतं बाहेर बघायचं आणि उतरवून काढायचं.

आणि सगळ्या मोऱ्यांच्या खिडक्या उघडायच्या त्या एका डक्टमध्ये. इमारतीच्या पोटातली ती अरुंद, ओली, काळी पोकळी. वर पत्रा टाकून बंद केलेली. दिवसाही तिच्यात डोकावलं की विहिरीत वरून आणि खालून एकदमच बघितल्यासारखं वाटे.

निराकार येऊन आठवडा झाला नसेल. एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची अंबिका खाली आली. अंबिका ही सुगंधाची या इमारतीतली एकुलती एक मैत्रीण. मूळची रत्नागिरीची, नवरा चंदन मुंबईत नोकरीला. आली ती थेट स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली. चेहरा पिठासारखा.

"सुगंधा, तुला दुपारी काही ऐकू येतं का गं?"

"काय?"

"आवाज. मोरीतून. कुणीतरी खोल खाली कण्हतंय असा. शब्द कळत नाहीत, नुसतं घुमतं. आणि मग..." अंबिकाने सुगंधाचं मनगट धरलं. "धप्प होतं. कुणाला तरी आपटल्यासारखं!"

सुगंधा ओट्यावर ठेवलेला चहा विसरली. "धप्प?"

"धप्प! परत कण्हणं. परत धप्प!"

"मला तर काहीच ऐकू येत नाही गं," सुगंधा म्हणाली. यात लबाडी नव्हती. माणसाचं डोकं तेलाच्या डब्यात असलं की त्याला बाहेरचं काय ऐकू येणार!

"पण मला कळतं त्या काय म्हणतात ते," अंबिका हळूच म्हणाली. "माझ्या सासूबाई आहेत गं त्या. लालबागच्या खोलीत सगळा जन्म गेला त्यांचा. पहाटे उठून बादली घेऊन रांगेत उभं राहायचं. 'माझी स्वतःची मोरी कधी होणार गं अंबिके,' म्हणायच्या. आणि इथला ताबा मिळायच्या आधीच गेल्या. आता रोज दुपारी विचारतात, 'अंबिके, मला टाकून आलीस?'"

चहा उतू गेला तरी दोघींपैकी कुणाला भान नव्हतं.

आता एखादी साधी बाई घाबरून रामरक्षा म्हणत बसली असती. सुगंधाही घाबरली, रामरक्षाही म्हणाली. पण रामरक्षा म्हणता म्हणता तिच्यातला गगनगडकर जागा झाला! वा! निराकाराने एकच आवाज काढायचा आणि प्रत्येकाला त्यात आपल्या काळजातलं ऐकू यायचं! कप्तानाला मेलेला भाऊ, डॉक्टरला हातून दगावलेला पेशंट... दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ते प्रकरण डब्यात तोंड घालून असं काही रंगवून म्हटलं की तिचे स्वतःचे डोळे भरून आले. टॉवेलही नेहमीपेक्षा जोरात आपटला.

त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी ईश्वरभाई जिन्यात भेटले. घामाने निथळत होते.

"सुगंधाबेन, तुमी अंबिकाबेनला वेडी बोलू नका हां! मी स्वताच्या कानाने ऐकला. आज तो रडत होता! आणि काय मारत होता, बाप रे! मला बोलला, 'ईश्वर... टाकी... टाकी...'"

"टाकी?"

ईश्वरभाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "कोणला बोलू नका. टाकीत एक कबूतर मेला होता. मी काढून फेकला. पाणी नाय बदलला. टँकर कुठून आणू मी? आता तो कबूतर..."

सुगंधाने त्या दिवसापासून पाणी उकळून प्यायला सुरुवात केली आणि कादंबरीत यानाच्या टाकीत पडलेल्या एका परग्रहावरच्या पक्ष्याचं प्रकरण घातलं. दुसऱ्या दिवशी ते डब्यात म्हणून पाहिलं. पक्ष्याच्या फडफडण्यासाठी टॉवेल लागोपाठ आपटला. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचं बिऱ्हाड गावी निघून गेलं!

असं ते चक्र सुरू झालं. सुगंधा आवाज काढी, इमारत घाबरे, घाबरलेली इमारत येऊन सुगंधाला सांगे, सुगंधा ते लिहून काढी आणि लिहिलेलं मोरीत म्हणून बघे. निराकार दिवसेंदिवस इतका भयंकर होत चालला की दशरथरावांनी शेजारच्या दुकानात फोनवर निरोप ठेवला, "कमाल करताय! रात्री दिवा लावून झोपतोय मी!"

आणि सुगंधालाही खरोखर भीती वाटू लागली होती. संध्याकाळी जिन्यातून जाताना कुलपं लावलेल्या दारांकडे तिला बघवत नसे. सुभाषला ती म्हणाली, "आपल्या इमारतीत काहीतरी आहे हो."

"मग दे त्याला पाट!" सुभाष वर्तमानपत्रामागून म्हणाला.

एका शुक्रवारी अंबिका खाली आली ती शांत होती. तेच जास्त भयंकर वाटलं.

"आम्ही घर विकतोय. रविवारी पार्टी येणार आहे बोलणी पक्की करायला."

सुगंधाच्या हातातली पळी तशीच राहिली. "आणि जाणार कुठे?"

"परत लालबागला. दिराने खोली ठेवलीय ना ती. पडद्यामागे राहू."

"अंबिका! पै-पै जोडून घेतलंस गं घर!"

"म्हणूनच," अंबिका म्हणाली. "जोडलं त्यांनी आणि राहतेय मी. मोरीत गेलं की छाती दडपते. दुपारचं जेवण जात नाही. तो आवाज असाच येत राहिला तर मला वेड लागेल सुगंधा."

त्या रात्री सुगंधा ढसाढसा रडली. या रिकाम्या इमारतीत अंबिका नसली की तिला दार वाजवायला दुसरं दार नव्हतं. काहीही करून अंबिकाला थांबवायचं, असं तिने ठरवलं. भुताला घालवायचं!

शनिवारी दुपारी ईश्वरभाई घोडबंदरहून धाकू भगताला रिक्षात घालून घेऊन आले. धाकू म्हातारा, काटकुळा, गळ्यात माळ, हातात मोरपिसांचा कुंचा. अंबिकाच्या घरात सगळे जमले. ईश्वरभाई, सरूबाई, अंबिका आणि सुगंधा. धाकू मोरीच्या उंबऱ्यावर उकिडवा बसला. उदबत्तीचा धूर डक्टमध्ये शिरला आणि कुणीतरी आत ओढून घ्यावा तसा सरसर वर गेला. सगळे श्वास धरून बसले.

बाहेर मिठागरांवर ऊन. आत अंधार. कुठेतरी पाण्याचा एक थेंब.

काही नाही.

सुगंधा चुळबुळ करायला लागली. सोमवारी दशरथरावांचा माणूस शेवटचं प्रकरण न्यायला यायचा होता आणि निराकार अजून जिवंत होता! "मी जरा... कपडे भिजलेत, आपटून येते," असं पुटपुटत ती खाली सटकली, कडी लावली, डब्यात डोकं घातलं, निराकाराला थोडं मरणाच्या दारात नेलं आणि परत वर आली.

वर सगळे भिंतीला चिकटले होते!

"आला होता!" ईश्वरभाई किंचाळले. "आता आला होता! मरतो तसा ओरडत होता!"

"अरे देवा! आणि मी नेमकी नव्हते!" सुगंधा हळहळली आणि ठाण मांडून बसली. परत शांतता. थेंब. धूर. सगळ्यांच्या पायांना मुंग्या आल्या. शेवटी राहवेना म्हणून ती पुन्हा खाली गेली, निराकाराला अजून थोडं मारलं आणि धावत परत आली.

"परत आला होता!" सरूबाईंनी डोक्यावरचा पदर दातांत धरला होता. "तू गेलीस आणि आला गं बाय!"

धाकूने कुंचा खाली ठेवला. सुगंधाकडे बराच वेळ बघितलं. तिच्या केसांना वनस्पती तुपाचा की तेलाचा कसलासा वास येत होता.

"ही बाय हितं आसली का तो गप," तो म्हणाला. "ही गेली का येतो. हिला तो भितो."

सगळ्यांच्या माना सुगंधाकडे वळल्या.

"मला?" सुगंधा मागे सरकली.

"तुमालाच. आनि सांगून ठेवतो, यो आपल्या हिकरचा न्हाय. आपला भूत कसा, नारल मांगंल, कोंबरा मांगंल. यो कायच मांगत न्हाय. यो वरचा हाय." धाकूने पत्र्याकडे, पत्र्याच्याही पार बोट दाखवलं. "आयतवारी टीवीवर दावतान ना, त्यातला. त्यावर आपला विलाज न्हाय." आणि माळ सावरून तो रिक्षात बसून निघूनही गेला!

त्या क्षणी सरूबाईंची मान जी ताठ झाली ती झालीच. "आमच्याच घराण्यात आहे ती शक्ती," त्यांनी जाहीर केलं. "माझ्याकडून गेलीय. मीच कधी वापरली नाही." ईश्वरभाईंनी सुगंधाच्या पायांवर डोकं ठेवायला सुरुवात केली आणि आपल्या बायकोला बोलवायला धावले. चहा पिऊन होईपर्यंत ठरलंसुद्धा, की सुगंधाबेनने रोज दुपारी प्रत्येकाच्या मोरीत थोडा थोडा वेळ बसायचं!

"घाबरू नकोस अंबिका," सुगंधा घाईघाईने म्हणाली. तिला त्या गोंधळात एकच धागा दिसत होता. "मी आहे ना! मी रोज येऊन बसते तुझ्याकडे. मग तर नाही ना विकणार?"

अंबिका हसली. म्लान, थकलेलं. "जन्मभर माझ्या मोरीत बसणार आहेस का तू?"

सुगंधा खाली आली. सरूबाई शेजारणींना शक्तीचा इतिहास सांगायला वरच थांबल्या होत्या. घरात कुणी नव्हतं. दारातच तिचे पाय थबकले. अंबिकाकडे असलं की आवाज नाही. आपण घरी आलो की आवाज. म्हणजे तो आपल्याला भितो हे खरं नाही. म्हणजे तो...

तो आपल्या घरात आहे!

मोरीचं दार अर्धवट उघडं होतं. आत अंधार. उलटं घमेलं, पोळपाट, आणि काळं तोंड वासून आडवा पडलेला तो डबा. पण शेवटचं प्रकरण व्हायचं होतं. पोटापाण्याचं काम भुताला काय कळणार! तिने देवाचं नाव घेतलं, आत शिरली आणि आज पहिल्यांदाच कडी न लावता बसली. डब्यात डोकं घातलं. "मीऽऽ जातोऽऽय..." निराकार शेवटचं बोलू लागला. "पण मीऽऽ पुन्हाऽऽ..."

डब्यातल्या तेलाचा खवट वास नाकात गेला आणि सुगंधा शिंकली. अशी शिंकली की डोकं डब्याबाहेर फेकलं गेलं.

आणि तेव्हा तिने पहिल्यांदा ऐकलं.

तिची शिंक डक्टमधून वर चालली होती. पहिला मजला, दुसरा, तिसरा... जिना चढणाऱ्या कुणा धिप्पाड माणसासारखी ती पायरी पायरीने मोठी होत गेली, पत्र्यावर आपटली आणि काहीतरी भलतंच होऊन, जाड, ओली, कण्हत खाली येऊ लागली. तिच्या मागोमाग तिचंच वाक्य, उशिराने निघालेलं, "पुऽऽन्हाऽऽ..." आणि त्या सगळ्यावर, वरून, तिसऱ्या मजल्यावरून, अंबिकाची किंकाळी!

सुगंधाने डब्याकडे पाहिलं. टॉवेलकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली. डक्टने तेवढंही ठेवून घेतलं नाही. "अऽऽगंऽऽ बाऽऽईऽऽ..."

सुगंधा दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली. सरूबाई आणि मंडळी एव्हाना गच्चीवर पूजेची जागा बघायला गेली होती. अंबिका एकटीच मोरीच्या बाहेर भिंतीला टेकून बसली होती.

"अंबिका, तो आवाज माझा आहे! सासूबाई नाहीत, भूत नाही, कुणी नाही. मी आहे! मी पुस्तकं लिहिते. त्या 'ध्रुवापार'वरची. डब्यात बोलून बघते आणि लिहिते. गगनगडकर म्हणजे मीच!"

शपथ मोडली होती. दशरथरावांचा गणपती तिच्यावर डोळे वटारून बसलाय असं तिला दिसलं. दिसू दे!

अंबिकाने डोळे पुसले आणि आठवड्यात पहिल्यांदा मनापासून हसली. "गगनगडकर? तू?" मग एकाएकी तिच्या गळ्यात पडली. "माझ्यासाठी किती मोठी थाप मारतेस गं!"

"थाप नाही!"

"आणि ते आपटतं कोण?"

"टॉवेल आपटते मी!"

"टॉवेल," अंबिका म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. "बरं."

"थांब तू!" सुगंधाने पदर खोचला. "इथेच बस, उंबऱ्यावर. मी खाली जाऊन डब्यात बोलते. काय बोलणार तेही सांगून ठेवते. 'अंबिका, मी सुगंधा. घर विकू नकोस.' एवढंच बोलणार. तेच ऐकू आलं तर मानशील ना?"

अंबिकाने मान डोलावली.

सुगंधा खाली गेली. गुडघे टेकून डब्यासमोर बसली. आजवर तिने त्या डब्यात आकाशगंगा जाळल्या होत्या. पण हे पुस्तकातलं नव्हतं ना! एकदा घसा खाकरून ती हळू, स्पष्ट म्हणाली, "अंबिका. मी सुगंधा. घर विकू नकोस." बस. एवढंच. टॉवेलसुद्धा आपटला नाही.

वर आली तेव्हा अंबिका उंबऱ्यावरच होती. गालांवर पाणी होतं, पण कपाळावरची आठी पुसल्यासारखी गेली होती.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"'अंबिके, घर विकू नकोस,' म्हणाल्या सासूबाई."

सुगंधाने कपाळावर हात मारला. "अगं बये, मी म्हटलं ते! 'मी सुगंधा' हे नाही ऐकलंस?"

"ऐकलं ना. तेही ऐकलं," अंबिका समजूतदारपणे म्हणाली. "तुझ्या तोंडून बोलल्या त्या. त्यांना काय, कुणाचंही तोंड चालतं. जिवंत होत्या तेव्हाही माझ्या नणंदेच्या तोंडून बोलायच्या!"

"अंबिका..."

"आणि त्यानंतरचं तर त्यांच्याच आवाजात. अगदी जवळून."

"त्यानंतरचं? कसलं?"

"'आधी जेवून घे. मग रडत बस.'"

डक्टमधून वाऱ्याचा एक थंड झोत आला. मोरीची खिडकी आपोआप अर्धी मिटली.

"अंबिका," सुगंधा म्हणाली, आणि तिचा आवाज कुठल्याच डब्यात नव्हता तरी डब्यातून आल्यासारखा खोल आला. "हे मी नाही म्हटलं."

"ते कळत नाही होय मला? एवढी वर्षं काढलीत त्यांच्यासोबत!" अंबिका गुडघ्यांवर हात टेकून उठली. "चल, भात आहे सकाळचा. पिठलं टाकते. तूही काही खाल्लेलं दिसत नाहीस."

दोघी मोरीसमोरच्या फरशीवर बसून जेवल्या. अंबिकाने दोनदा भात घेतला. सुगंधा जेवताना एकदाही मोरीकडे पाठ करून बसली नाही.

रविवारी आलेल्या पार्टीला चंदनने दारातच चहा पाजून परत पाठवलं. मोरीला अंबिकाने नवीन नळ बसवून घेतला. आवाज बंद झाला, कारण सुगंधा आता डबा न घेता लिहू लागली. इमारतीने ते तिच्या शक्तीच्या खाती जमा केलं. ईश्वरभाईंनी टाकी धुतली. सगळ्यांचं चांगलं झालं!

आणि सुगंधाने शेवटचं प्रकरण बदललं. सोमवारी ते दुसऱ्या कुणाच्या हाती न देता ती स्वतः दादरला घेऊन गेली. यानातली सगळी माणसं भीतीने अर्धमेली झाली आहेत, निराकाराचा आवाज पोकळीतून जवळ येतोय, कप्तान बंदूक सरसावतो, आणि तो आवाज त्याच्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणतो, 'आधी जेवून घे. मग रडत बस.' आपण आजवर लिहिलेल्यातली खरी म्हणावी अशी ही एकच ओळ आहे, असं तिला वाटत होतं.

दशरथरावांनी चष्मा लावून वाचलं. पानं उलटत गेले. "वा! वा! वा!" म्हणत गेले. शेवटच्या पानावर थांबले. तांबडी पेन्सिल काढली आणि त्या ओळीवर सरळ रेघ मारली.

"बाई, नवव्या आकाशगंगेतून नुसता आवाज येतो, कबूल. तो माणसांच्या मनात शिरतो, तेही कबूल. वाचक सगळं मान्य करील. पण तो जेवायला सांगतो?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं कधी होतं का हो? जरा विज्ञानाला धरून लिहा!"